मोटार अपघात : दोष कोणाचा, दायित्व कोणाचे आणि भरपाईची ठेव

३ जून २०१४ ची ती सकाळ दिल्लीतील मराठी मंडळींच्या स्मरणात अजून ताजी आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रिपदाची शपथ घेऊन श्री. गोपीनाथ मुंडे यांना जेमतेम आठवडा झाला होता. बीडला जाण्यासाठी ते विमानतळाकडे निघाले असता पृथ्वीराज रोड व तुघलक रोड यांच्या परिसरातील चौकात त्यांच्या मोटारीस दुसऱ्या मोटारीची बाजूने धडक बसली. वेळ सकाळी साडेसहाच्या सुमाराची, रस्ता रुंद आणि जवळजवळ मोकळा. ते मागील आसनावर होते व पट्टा बांधलेला नव्हता, असे त्या वेळी सांगण्यात आले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या अपघात केंद्रात त्यांचे निधन झाले. धडक देणाऱ्या मोटारीच्या चालकावर गुन्हा नोंदविला गेला आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला.

अपघात गर्दीत होतात अशी आपली समजूत असते. राजधानी परिसराचा अनुभव मात्र निराळा आहे. गर्दीच्या वेळी मोटारी एकमेकींना घासतात, पत्रा चेपतो, वादावादी होते. माणसे मरतात ती बहुधा रिकाम्या रस्त्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे. कारण वेग. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरचा धोका ध्यानी येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद सहज निघून जातो. त्यापुढे गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ते अंतर चौपट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात जमा आहेत. मद्यपान, उलट दिशेने वाहन हाकणे, सिग्नल तोडणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. नवी दिल्लीतील गोल चौकांत आधीपासून फिरत असलेल्या वाहनास प्रथम वाट द्यावयाची, हा नियम मात्र परवाना काढतानाच शिकलेला आणि तेथेच विसरलेला दिसतो.

हिवाळ्यातील धुके हे या प्रदेशाचे खास संकट. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. तेथे थंडीच्या दिवसांत मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते. दाट धुक्यात तीही फारच जास्त ठरते, कारण जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता आले पाहिजे. दक्षिणेतून नव्याने बदली होऊन आलेल्या आमच्या सहकाऱ्यांना पहिल्या जानेवारीत हे कळते.

आता दायित्वाकडे वळू. एकाच अपघातातून दोन स्वतंत्र कारवाया उद्भवतात. फौजदारी खटल्यात चालकाचा गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो आणि शिक्षा त्यालाच होते. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तेथे शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी न्यायालयात सुटला म्हणजे भरपाई बुडाली, असे होत नाही. दोष दोन्हीकडे असेल तर जखमी व्यक्तीच्या दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते.

भरपाईचे दायित्व चालकासोबत वाहनाच्या मालकावर असते आणि विमा कंपनी ते मालकाच्या वतीने उचलते. 'मालक' या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या ग्राहकांचा गोंधळ नेमका येथे होतो. कर्जाने घेतलेल्या मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचे नाव असते, तेव्हा बँकही जबाबदार का, असे विचारले जाते. उत्तर 'नाही' असे आहे. हायपोथिकेशनखालील वाहन ज्याच्या ताब्यात आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. याउलट गाडी विकली, पैसे मिळाले, किल्ली दिली, पण नोंदणी प्रमाणपत्रावर नाव जुनेच राहिले, तर दायित्व त्या जुन्या नावावर येते. २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. राजधानी परिसरात दहा वर्षांच्या डिझेल व पंधरा वर्षांच्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्यापासून जुन्या गाड्या दलालांमार्फत परप्रांती जाऊ लागल्या. अशी गाडी कोणत्या गावी कोण चालवीत आहे, याचा पत्ता विकणाऱ्यास नसतो. नाव मात्र त्याचेच असते.

विम्याविषयीही एक गैरसमज आढळतो. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थ पक्षाचा विमा. खासगी मोटारीचा तेवढाच विमा उतरविला असेल, तर पादचारी वा समोरच्या वाहनातील माणसाला संरक्षण मिळते, पण आपल्याच मोटारीत बसलेल्या मेहुण्यास किंवा शेजाऱ्यास मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. हप्ता वाचविताना हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

भरपाई किती, हा पूर्वी बराचसा न्यायाधीशांच्या दृष्टिकोनाचा प्रश्न होता. त्यास शिस्त लावणारे प्रकरण दिल्लीतीलच आहे. १९८८ साली दिल्ली परिवहन महामंडळाच्या बसशी झालेल्या अपघातात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील एक ३८ वर्षांचे शास्त्रज्ञ मृत्यू पावले. 'सरला वर्मा विरुद्ध दिल्ली परिवहन महामंडळ' या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकाल लागला एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्या निकालाने वयानुसार गुणकांचे कोष्टक घालून दिले. २०१७ मधील घटनापीठाच्या निर्णयाने भावी वेतनवाढीचे प्रमाणही ठरविले. समजा, कायम नोकरीतील ३८ वर्षांच्या व्यक्तीचे मासिक वेतन ४०,००० रुपये आहे व पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे अवलंबून आहेत. वार्षिक उत्पन्न ४,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतील कायम नोकरदारासाठी त्यात ५० टक्के मिळवून ७,२०,००० रुपये. स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा जाता ५,४०,००० रुपये. या वयाचा गुणक १५, म्हणून ८१ लाख रुपये. शिवाय अंत्यसंस्कार, सहवासाची हानी इत्यादी ठरीव रकमा.

जखमी व्यक्तीच्या बाबतीत हिशेब अधिक नाजूक आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रात ४५ टक्के अपंगत्व लिहिले म्हणजे उत्पन्नाचे नुकसानही ४५ टक्केच, असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एक साधे उदाहरण दिले. डावा हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक यांची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून जखमीने केवळ इस्पितळाची बिले जपून भागत नाही. आपण काय काम करीत होतो व त्यातील काय आता करता येत नाही, याचाही पुरावा हवा. रोखीने कमाई करणाऱ्यांना बँकेचे खातेपुस्तक येथे मोठा आधार ठरते.

दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो, असे नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो. गुरुग्रामला अपघात झालेल्या साताऱ्याच्या कुटुंबास हरियाणात खेटे घालण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा विलंब करू नये. त्याच तारखेपासून पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक, ५० दिवसांत अंतरिम व ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणास द्यावा, असा नियम झाला. या पद्धतीचा उगम दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूस २ लाख व गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचारही मिळू शकतात.

निकाल लागला, रक्कम आली. आणि येथे बँकेचे काम सुरू होते. लक्षावधी रुपये एकदम हाती आले की दूरचे नातेवाईक जवळचे होतात. कोणी प्लॉट सुचवितो, कोणी धंद्यात भागी देतो, आणि दोन वर्षांत मुलांच्या शाळेची फी भरण्याइतकेही उरत नाही. हा धोका ओळखून सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातच भरपाईची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याच्या सूचना दिल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयापुढे २१ बँकांनी मिळून याहून सोयीची 'मोटार अपघात दावा वार्षिकी ठेव' योजना आखली. न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तिला मान्यता दिली, ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर राबविण्यास सांगितले.

मासिक व्याज देणाऱ्या नेहमीच्या ठेवीत मुद्दल तसेच राहते; या ठेवीत दरमहा मुद्दल व व्याज दोन्ही परत मिळतात. मुदत ३६ ते १२० महिने. १२ लाख रुपये दहा वर्षांसाठी ठेवल्यास व्याज बाजूला ठेवूनही महिन्यास १०,००० रुपये होतात. या ठेवीवर कर्ज मिळत नाही आणि न्यायालयाच्या अनुमतीवाचून ती मुदतीपूर्वी मोडता येत नाही. ज्या बचत खात्यात मासिक रक्कम जमा होते ते दावेदाराच्या एकट्याच्या नावे, त्याच्या निवासाजवळच्या शाखेत असावे; न्यायालयाच्या अनुमतीशिवाय त्यावर चेकबुक किंवा डेबिट कार्ड देऊ नये व पासबुकावर तशी नोंद करावी, असे दिल्लीच्या पद्धतीत सांगितले आहे. शाखेतील सहकाऱ्यांना या अटी काउंटरवर समजावताना कटुता पत्करावी लागते. 'माझेच पैसे मला का नाही?' असा प्रश्न विधवा स्त्री विचारते, तेव्हा तिच्यामागे कोण उभे आहे तेही पाहावे. खरोखरच शस्त्रक्रिया किंवा मुलीचे शिक्षण अशी निकड असेल, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज कसा करावयाचा हे तिला तेथेच सांगावे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य वकील देते.