दोन विभाग, एक अध्यापक : संयुक्त नियुक्तीची घडी कशी बसवावी?

इंद्रायणीकाठचे देहू हे संत तुकाराम महाराजांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. या गावाच्या एका अंगास पिंपरी-चिंचवडची, तर दुसऱ्या अंगास चाकण-तळेगावची औद्योगिक वस्ती विस्तारली आहे. अशा गावाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने विद्यापीठातील कोणत्या विभागाचे दार ठोठवावे? गाथेच्या भाषेसाठी मराठी विभाग, तिच्यातील विचारासाठी तत्त्वज्ञान, पालखी सोहळ्यासाठी समाजशास्त्र व मानवशास्त्र आणि इंद्रायणीच्या प्रदूषणासाठी पर्यावरणशास्त्र! गाव एक, त्याच्या अभ्यासाच्या वाटा मात्र अनेक विभागांत विखुरलेल्या आहेत. या वाटा एकत्र आणण्याचा एक मार्ग म्हणजे अध्यापकाची संयुक्त नियुक्ती होय.

एकाच पूर्णवेळ अध्यापकाची सेवा दोन विभागांनी ठरलेल्या प्रमाणात वाटून घेणे, हे संयुक्त नियुक्तीचे स्वरूप आहे. पाहुणे व्याख्याते किंवा अभ्यागत प्राध्यापक यांच्याहून ती वेगळी असते. संयुक्त नियुक्तीच्या अध्यापकावर दोन्ही ठिकाणी अध्यापन, संशोधन व विभागीय कामकाज यांची नियमित जबाबदारी असते.

पुण्याची परंपरा

शास्त्रांच्या सीमा ओलांडणारे अध्यापन पुण्यास नवे नाही. डेक्कन कॉलेजात डॉ. इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र या दोन्ही विषयांची धुरा वाहिली. पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख १९६२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर परदेशी अभ्यासकांचेही लक्ष वारीकडे वेधले गेले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक. पण पुणे परिसराची पायपीट करून त्यांनी प्राचीन इतिहासाच्या अभ्यासास नवी दृष्टी दिली. तुकोबांच्या वंशातील डॉ. सदानंद मोरे यांनी पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. साहित्य, इतिहास व समाजशास्त्र यांचा संगम असलेल्या त्यांच्या ‘तुकाराम दर्शन’ या ग्रंथास १९९८ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. विद्यापीठात संतांच्या नावे स्थापन झालेल्या अध्यासनांमागेही हीच व्यापक दृष्टी दिसते. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. त्यांचा अभ्यास केवळ मराठीच्या चौकटीत कसा मावावा?

तथापि, थोर व्यक्तींनी स्वतःच्या व्यासंगाने जे साधले, ते सर्वसामान्य अध्यापकास साधावयाचे तर त्यास प्रशासकीय व्यवस्थेचा आधार हवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून ही निकड अधिकच वाढली आहे.

कार्यभाराचे गणित

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण येथे नेमकी उलटी पडते. दोन विभागांचा अध्यापक उपाशी राहत नाही, तर दोन्हीकडच्या कामाने दबून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे असे ठरविण्यात आले. १६ तासांची समसमान वाटणी केल्यास प्रत्येक विभागाच्या वाट्यास ८ तास येतात. कागदावर हा हिशेब सरळ दिसतो.

परंतु बैठका, परीक्षा, प्रवेश आणि प्रबंधांचे मार्गदर्शन यांची वाटणी कोणी करावयाची? प्रत्येक विभाग आपल्या सर्व बैठकांस उपस्थितीची अपेक्षा करतो. परिणामी अर्ध्या नियुक्तीचे काम पाऊणपट होते आणि दोन ‘पाऊण’ मिळून दीड होतात! म्हणून तासिकांबरोबरच समित्यांची संख्या व संशोधक विद्यार्थ्यांची मर्यादा ही दोन्ही विभाग मिळून एकदाच निश्चित करणे अगत्याचे आहे.

मूळ विभाग एकच असावा

पद दोन ठिकाणी वाटले, तरी त्याची नोंद एकाच ठिकाणी हवी. वेतन, रजा, सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांसाठी एक ‘मूळ विभाग’ निश्चित करावा लागतो. असे न झाल्यास रजेचा साधा अर्जही दोन मेजांमध्ये अडकून पडतो. वेतनाचा भार दोन विभागांच्या तरतुदींतून उचलावयाचा असल्यास त्याचे प्रमाण नियुक्तीपूर्वीच लेखी ठरावे.

पदोन्नतीची कसोटी

सर्वांत नाजूक प्रश्न मूल्यमापनाचा आहे. तत्त्वज्ञानाच्या तज्ज्ञास गाथेवरील लेख ‘साहित्याचा’ वाटतो, तर साहित्याच्या तज्ज्ञास तोच ‘तत्त्वज्ञानाचा’ वाटतो. अशा वेळी दोन्हीकडे गुण कमी पडतात आणि पदोन्नती लांबते. याची झळ मुख्यतः तरुण अध्यापकास बसते. ज्येष्ठांचे स्थान पक्के असते; पण नव्याने रुजू झालेला अध्यापक हा धोका पाहून पुन्हा एकाच विषयाच्या कुंपणात परततो. यावर उपाय असा की, निवड व मूल्यमापनाच्या प्रक्रियेत दोन्ही विभागांच्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. तसेच कोणते संशोधन कोणत्या निकषाने मोजले जाईल, हे अध्यापकास रुजू होतानाच कळवावे.

लेखी करार आवश्यक

या सर्व बाबी दोन्ही विभागप्रमुख, अधिष्ठाता व स्वतः अध्यापक यांच्या स्वाक्षरीने एका करारपत्रात नोंदविणे हितावह ठरते. त्यात कार्यभाराचे प्रमाण, मूळ विभाग, बसण्याची जागा, मूल्यमापनाची रीत, नियुक्तीची मुदत आणि मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, यांचा स्पष्ट उल्लेख असावा. विभागप्रमुख बदलले की तोंडी समजुती विसरल्या जातात. लेखी करार मात्र टिकतो. दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार करण्याची तरतूदही असावी.

देहूची गाथा, तेथील दिंड्या, शेजारचे कारखाने आणि इंद्रायणीचे पाणी हे एकाच जीवनाचे पैलू आहेत. ते एकत्र पाहणारा अभ्यासक घडवावयाचा, तर त्याच्या श्रमांची दखल घेणारी सुविहित व्यवस्था विद्यापीठांनी उभारली पाहिजे. तसे झाल्यास दोन विभागांतील भिंत हीच ज्ञानाची देवडी ठरेल, यात शंका नाही.