भूगर्भाची बोली – लेखांक ७ : डोक्यावरची भिंत, पायाखालची भिंत

भेगांमध्ये गरम, खनिजयुक्त पाणी शिरून शिरा कशा भरतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता शिरेत उतरू. उदाहरण कर्नाटकातल्या कोलारचं. केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स म्हटलं की हल्ली सिनेमाच आधी आठवतो, पण तिथली खरी नायिका ‘चँपियन लोड’ ही शीर. गडद अँफिबोलाइट खडकात दक्षिणोत्तर किलोमीटरच्या किलोमीटर गेलेली करड्या गारेची (क्वार्ट्झची) पट्टी, जाडीला मात्र सरासरी मीटरभराच्या आसपास.

ही पट्टी उभी नाही, पश्चिमेकडे कलली आहे. कौलारू छप्पर डोळ्यांपुढे आणा. आढ्याला समांतर जाणारी दिशा म्हणजे नतिलंब, उतार जमिनीशी करतो तो कोन म्हणजे नति. नतिलंबाच्या दिशेनं शिरेतून खोदलेला बोगदा म्हणजे ड्राइव्ह आणि शिरेला आडवा छेदणारा तो क्रॉसकट. शीर खणून काढल्यावर जी तिरपी पोकळी उरते, तिला स्टोप म्हणतात.

त्या पोकळीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर कललेली असते ती हँगिंग वॉल आणि पायाखाली येते ती फूटवॉल. कोलारमध्ये यातली पहिली जिवावर उठणारी. जितकं खोल जावं, तितका वरच्या खडकाचा भार वाढतो आणि दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकू पाहतात. साठलेला ताण एखाद्या क्षणी सुटतो आणि खडक अक्षरशः फुटतो. याला रॉकबर्स्ट म्हणतात. कोलारच्या कामगारवस्त्यांना त्याचे धक्के जमिनीवरही जाणवत. म्हणून रिकाम्या स्टोपमध्ये ग्रॅनाइटचे दगड रचून भिंती बांधत. सोनं काढायचं आणि त्या जागी दगड भरायचा, असा हा व्यवहार.

सोनंही शिरेत सगळीकडे सारखं नसतं. काही पट्ट्यांत ते दाटतं, बाकीची गार जवळपास रितीच. अशा समृद्ध पट्टीला ओर शूट म्हणतात. खाण चालते ती खरं तर या पट्ट्यांवर. जॉन टेलर अँड सन्सच्या व्यवस्थापनाखाली १८८० च्या दशकात कोलारच्या खाणी भरभराटीला आल्या आणि पुढे या पट्ट्यांचा माग काढत चँपियन रीफ खाण तीन किलोमीटरच्याही खाली पोचली. तिथे खडकच इतका तापलेला की थंड हवा सोडल्याशिवाय काम अशक्य. या खोलीचा फायदा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनंही घेतला. वरच्या खडकानं वैश्विक किरणांचा गोंगाट अडवल्यामुळे १९६५ मध्ये तिथे वातावरणातले न्यूट्रिनो कण टिपता आले.

आता धातुक. सोनं असलेला प्रत्येक दगड धातुक नव्हे. ते काढण्याचा खर्च निघून वर काही उरलं तरच तो धातुक, नाहीतर नुसता दगड. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली, तेव्हा शिरेतलं सोनं संपलं नव्हतं. टनामागे मिळणारे ग्रॅम घटले होते आणि ते वर आणण्याचा खर्च परवडेनासा झाला होता. गावाबाहेर सायनाइड प्रक्रियेनंतर टाकलेल्या चुऱ्याच्या टेकड्या अजून उभ्या आहेत. त्यातही थोडं सोनं राहिलं आहे, आणि भाव चढला की त्या टेकड्यांची चर्चा पुन्हा सुरू होते.

पुढच्या आठवड्यात शिरेचं जमिनीवर दिसणारं गंजकं टोक, गॉसन.