तीन दिवसांची करमाफी

आपल्याकडे शाळेची खरेदी जूनच्या तोंडावर होते. अमेरिकेत ती ऑगस्टमध्ये. ज्यांची मुले ह्यूस्टनला किंवा डॅलसला आहेत, त्यांनी त्या सुमारास फोनवर ऐकले असेल, "आई, या शनिवार-रविवारी टॅक्स नाही, आम्ही खरेदीला निघालोय." हा टॅक्स कोणता आणि तो नसला तर वाचते किती, ते आज पाहू.

आपल्याकडे वस्तूवर छापलेली किंमत सर्व करांसह असते. अमेरिकेत चिठ्ठीवर मूळ किंमत असते आणि विक्रीकर गल्ल्यावर जमा होतो. हा कर केंद्र सरकारचा नाही, राज्याचा आहे. टेक्सासमध्ये राज्याचा सव्वासहा टक्के आणि शहर वगैरे स्थानिक संस्थांचा जास्तीत जास्त दोन टक्के. म्हणजे ४० डॉलरची पँट ४३ डॉलर ३० सेंटना पडते.

ही करमाफी कपड्यांना पहिल्यांदा दिली न्यूयॉर्क राज्याने, जानेवारी १९९७ मध्ये. त्यात शाळेचा संबंध नव्हता. शेजारच्या न्यू जर्सीत कपड्यांवर करच नाही, म्हणून गिऱ्हाईक नदी ओलांडून तिकडे जाई. त्याला थांबवायचे होते. पुढे १९९८ मध्ये फ्लोरिडाने आणि १९९९ मध्ये टेक्सासने ही कल्पना उचलली, आणि ती शाळेच्या खरेदीशी जोडली गेली.

टेक्सासमध्ये ही सवलत ऑगस्टच्या सुरुवातीला शुक्रवार ते रविवार असते. कपडे, पादत्राणे, दप्तरे आणि वह्या-पेन्सिली यांपैकी १०० डॉलरच्या आतल्या वस्तूंवर कर लागत नाही. ही मर्यादा एकूण बिलाला नाही, प्रत्येक वस्तूला आहे. तीस-तीस डॉलरचे दहा सदरे घेतले तरी सगळे करमुक्त. कपडे मोठ्यांचे असले तरी चालतात. अर्ज करावा लागत नाही, दुकानदारच कर लावत नाही.

गंमत आहे ती शंभराच्या रेषेवर. बूट ९९ डॉलर ९९ सेंटचा असेल तर तेवढेच द्यायचे. तोच बरोबर १०० डॉलरचा असेल, तर कर पूर्ण शंभरावर लागतो आणि १०८ डॉलर २५ सेंट मोजावे लागतात. एका सेंटने सव्वाआठ डॉलरचा फरक! ९५ डॉलरची जीन्स घरपोच मागवली आणि पोचवण्याचे १० डॉलर लागले, तर किंमत १०५ धरतात, सवलत गेली. उलट, ११० डॉलरची जीन्स दुकानाने दहा टक्के सूट देऊन ९९ ला विकली तर ती करमुक्त. पण 'एकावर एक फुकट' असेल, तर किंमत दोन नगांत वाटून शंभराच्या आत आणता येत नाही. घड्याळ, दागिने, पाकीट यांना माफी नाही. कापड घेऊन शिवायचे म्हटले, तर कापड, दोरा, बटणे यांवरही कर आहेच.

आता फायदा कोणाला? समजा, दोन मुलांसाठी ३०० डॉलरची खरेदी केली. कर वाचला पावणेपंचवीस डॉलर. बेताच्या कमाईच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण ज्याचा पगार सोमवारी व्हायचा आहे, किंवा ज्याला शनिवार-रविवारी कामावर जावे लागते, त्याच्या हाती काय लागते? शिवाय २००१ मध्ये फ्लोरिडातल्या सवलतीच्या काळात किमती तपासल्या, तेव्हा काही दुकानांनी मूळ किंमत थोडी वाढवून बचतीचा वाटा स्वतःकडे ठेवल्याचे अर्थतज्ज्ञांना आढळले होते. म्हणूनच कपड्यांवरचा कर वर्षभरच काढावा, असे म्हणणारे आहेत. पेनसिल्व्हेनियात नेहमीच्या कपड्यांवर तो नाहीच. न्यूयॉर्क राज्यही आता ११० डॉलरखालच्या कपड्यांवर आपला चार टक्के कर वर्षभर घेत नाही.

तेव्हा पुढच्या ऑगस्टमध्ये असा फोन आला, तर दोन गोष्टी जरूर सांगा. यादी घरून करून निघा, आणि आधी एकदा किमती पाहून ठेवा. यादीत नसलेला पन्नास डॉलरचा सदरा केवळ टॅक्स नाही म्हणून घेतला, तर चार डॉलर वाचतात खरे, पण पन्नास जातात.