‘वैमानिकाची चूक’ म्हणजे काय?



आजचा विषय आहे युद्धकाळातल्या उड्डाणशाळा आणि तिथले अपघाती मृत्यू. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण यात एक जुना प्रश्न आहे: घटनेचं कारण शोधताना थांबायचं कुठे?

आधी आकडे बघू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे सुमारे ५५,५०० जण गेले. त्यांतले आठ हजारांहून अधिक शत्रूच्या हातून नव्हे, तर प्रशिक्षणातल्या आणि इतर अपघातांत गेले. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने तर स्वतःच्या देशाच्या हद्दीतच अपघातांत सुमारे १५ हजार माणसं गमावली. बरेचसे विशी-बाविशीतले.

हे दूरचं वाटत असेल तर जवळ येऊ. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि राजधानी हैदराबादला, बेगमपेठच्या विमानतळावर, युद्धकाळात प्राथमिक उड्डाणशाळा चालत होती. दुसरी जोधपूरला. तिथे ‘टायगर मॉथ’ हे कापड मढवलेलं, दुहेरी पंखांचं, दोन माणसांचं विमान शिकवत. त्यानंतर अंबाल्याला पुढचं प्रशिक्षण, आणि मग लढाऊ विमानांची शाळा. युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलाची एकच स्क्वाड्रन होती. संपलं तेव्हा नऊ. म्हणजे किती घाई असेल, बघा.

आपलं अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, ही घोडदळाची जुनी छावणी. पहिल्या महायुद्धात चांगला घोडेस्वार चांगला वैमानिक होतो, अशी समजूत होती. पण घोड्याला स्वतःचाही जीव प्यारा असतो. पुढे खड्डा दिसला की तो अडतो. विमान अडत नाही.

आता अपघात होतो कसा ते समजून घेऊ. विमानाचं नाक फार वर गेलं आणि वेग पडला की पंखांची उचल संपते. त्यात एक पंख आधी खचला की विमान गरगरत खाली येऊ लागतं. अशा वेळी शिकाऊ मुलाचा हात काय करतो? दांडा स्वतःकडे ओढतो, नाक वर यावं म्हणून. त्याने गिरकी आणखी पक्की होते. खरा उपाय उलटा आहे: पायाने विरुद्ध दिशेचं रडर दाबायचं आणि दांडा पुढे ढकलायचा. जमीन अंगावर येत असताना नाक जमिनीकडेच न्यायचं!

तसंच उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर. मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह होतो. उंची कमी, वेग कमी, त्यात वळण. म्हणजे पुन्हा तीच गिरकी, आणि सावरायला जागा नाही. म्हणून नियम असा की समोर जे शेत दिसेल तिथे उतरायचं.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत हे नीट शिकवतच नव्हते. थोडे तास सोबत उडायचं, की मुलाला एकट्याला सोडायचं. धोकादायक हालचाली टाळा, एवढीच शिकवण. १९१७ मध्ये इंग्लंडातल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने हे उलटं केलं. शिक्षक सोबत बसवला, त्याचं बोलणं शिष्याच्या कानापर्यंत नेणारी नळी लावली, आणि विमान मुद्दाम संकटात घालून त्यातून बाहेर काढायला शिकवलं. धोका टाळून धोक्याचं ज्ञान होत नाही, हे त्याने ओळखलं होतं. ही पद्धत पुढे जगभर गेली.

इथे एक चिठ्ठी आली आहे: “सर, शेवटी चूक वैमानिकाचीच ना?”

हो, दांडा त्यानेच ओढला. पण १९१६ मध्ये दांडा ओढणारा आणि १९१८ मध्ये तो ढकलणारा, ही मुलं एकाच मातीची होती. बदललं ते शिकवणं. मग चूक कोणाची? एक अपघात झाला तर आपण म्हणू, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण त्याच झाडाच्या फांद्या रोज तुटत असतील, तर झाड तपासायला नको?

हा प्रश्न महायुद्धाबरोबर संपला नाही. आपल्या शेजारचं बिदर बघा. संथ प्रशिक्षण विमानावरून थेट ‘मिग-२१’वर जाणाऱ्या मुलांसाठी मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये केली. ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. मधल्या काळात, सप्टेंबर २००१ मध्ये, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ ‘मिग-२१’च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मुलावर आलेला चुकीचा ठपका मान्य केला नाही. त्या उड्डाणसुरक्षेसाठी जाहीरपणे उभ्या राहिल्या.

‘वैमानिकाची चूक’ हे शब्द खोटे नसतात, अपुरे असतात. तिथे चौकशी संपवली, तर पुढचा मुलगा तोच दांडा तसाच ओढणार. म्हणून चौकशी तिथून सुरू करायची: त्याला हे कोणी, किती तास आणि कोणत्या विमानावर शिकवलं होतं?