भोगीच्या दिवशीचं लग्न

पंढरपूर आणि सोलापूर एकाच जिल्ह्यातले. पंढरीची आषाढी चंद्राच्या तिथीवर चालते, म्हणून ती कधी जूनअखेर येते, तर अधिक मासाच्या वर्षी पार जुलैच्या शेवटाकडे सरकते. सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा मात्र मकर संक्रांतीला बांधलेली आहे. संक्रांत सूर्याची. त्यामुळे जानेवारीचा मध्य ही यात्रा कधी सोडत नाही. नेमक्या याच दिवसांत इथल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी दाण्यावर आलेली असते. मला हा योगायोग वाटत नाही. ही यात्रा, सोलापूरकरांची गड्ड्याची यात्रा, हा ज्वारीच्या मुलखाचा सण आहे, आणि तो तसाच पाहायला, तसाच खायला हवा.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. सोन्नलिगे हे सोलापूरचं तेव्हाचं नाव. त्यांनी लोकांच्या श्रमातून तळं खोदवलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, कन्नडमध्ये वचनं रचली. राघवांक या कन्नड कवीने तेराव्या शतकात त्यांचं चरित्रकाव्य लिहिलं. यात्रेमागची कथा अशी: त्यांच्या ध्यानाच्या जागी रोज सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्न करायचं मनात घेतलं. योगी म्हणाले, मला लग्न करता येणार नाही, माझ्या योगदंडाशी कर. तेच लग्न सोलापूर आजही दरवर्षी लावतं. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी म्हणजे वस्त्रविसर्जन, असा हा क्रम. लग्नघरात असतं तसंच सगळं.

योगदंडाचं रूप म्हणजे सात नंदीध्वज, सोलापूरकरांच्या भाषेत काठ्या. तीस फुटांहून उंच. एक जण काठी पेलतो, बाकीचे भोवती हात तयार ठेवून चालतात, आणि दमला की चालता चालताच खांदेपालट होतो. याचा सराव काही आठवडे आधीच सुरू होतो. अंगावर पांढरी बाराबंदी. काठीला बाशिंग बांधलेलं. संक्रांतीला पहिल्या काठीला नागफणी चढते, तेव्हा तोल सांभाळणं आणखी अवघड होतं आणि बघणाऱ्यांचाही श्वास अडकतो. पहिली काठी हिरेहब्बूंच्या मानाची, दुसरी देशमुखांची, तिसरी माळी समाजाची, चौथी-पाचवी विश्वब्राह्मण समाजाची आणि सहावी-सातवी मातंग समाजाची. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून सकाळी निघालेल्या काठ्या दुपारी तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यापाशी येतात. सम्मती वाचन होतं, आणि हजारो हातांतून एकाच वेळी अक्षता पडतात. मंगलाष्टकांची भाषा कन्नड, पण गर्दीत मराठी, तेलुगू, उर्दू सगळे असतात. 'हर्र बोला हर्र' म्हणायला कुणालाच अर्थ विचारावा लागत नाही.

इटलीतल्या गुब्बिओ या जुन्या डोंगरी गावात दरवर्षी 15 मे रोजी असाच एक सोहळा होतो. तिथला संत उबाल्दो हाही बाराव्या शतकातला. 1160 साली 16 मे रोजी तो गेला, आणि त्याच्या आदल्या दिवशी गावकरी जवळजवळ 300 किलो वजनाचे तीन लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन गावातून पळत सुटतात आणि डोंगरावरच्या देवळापर्यंत चढवतात. एक मनोरा उबाल्दोचा, एक जॉर्जचा, एक अँथनीचा. परंपरेने पहिला गवंड्यांचा, दुसरा व्यापाऱ्यांचा, तिसरा शेतकऱ्यांचा. गंमत अशी की क्रम ठरलेला आहे. उबाल्दो पहिला, तो कधीच मागे पडत नाही. तरीही सगळे जीव तोडून पळतात. काठ्यांच्या मानाचा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. उंब्रिया प्रांताने तर आपल्या ध्वजावर हेच तीन मनोरे घेतले आहेत. जगभरातले प्रवासी तिथे वर्षभर आधी खोल्या राखून जातात. आपल्याकडे पुण्या-मुंबईचा माणूस सोलापूरला येतो तो चादर घ्यायला, नाहीतर तुळजापूर-अक्कलकोटच्या वाटेवर चहाला थांबतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खाण्याकडे. अक्षता भोगीला पडतात, आणि भोगीला घराघरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं अशी मिळून केलेली भाजी असते. जोडीला शेंगाची चटणी. ती मिक्सरमधली नव्हे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटलेली. बोटाने दाबली तर बोट तेलकट झालं पाहिजे. संक्रांतीला शेंगापोळी. आणि वाळवलेली कडक भाकरी, जी महिना महिना टिकते आणि आता सोलापूरच्या बायका पाकिटातून दूरवर पाठवतात.

पण या दिवसांचा राजा हुरडा. ज्वारी पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या ओलीवर. पुढे बहुतेक ठिकाणी पाणी मिळत नाही, भारी काळी जमीन जी ओल धरून ठेवते तिच्यावरच पीक उभं राहतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मातीच्या जोरावर. जानेवारीत दाणा चिकात असतो, पंधरवड्यात तो टणक होतो. तेवढ्याच दिवसांत गोवऱ्यांची आगटी पेटवायची, गूळभेंडी ज्वारीची कणसं राखेत खुपसायची, गरम असतानाच तळव्यावर चोळायची आणि फुंकर मारून कूस उडवायची. हिरवे मऊ दाणे, चटणी, गूळ, दही. हात काळे होतात, बोटं भाजतात. चोळणाऱ्याच्या ताटात मात्र शेवटीच पडतं.

यात्रेतही हेच पीकपाणी दिसतं. होमात कुंभारकन्येची प्रतिकृती अर्पण करतात ती बाजरीच्या पेंढीची, साडी नेसवलेली. त्याच रात्री देशमुखांचं वासरू येतं. दिवसभर उपाशी ठेवलेलं. त्याच्यापुढे धान्यं, गूळ, गाजर, बोरं मांडतात. ज्याला तोंड लावेल ते महागणार, मूत्र टाकलं तर पाऊस बरा. या भाकणुकीवर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण कोरडवाहू माणसाच्या पोटातली काळजी त्या वासराभोवतीच्या शांततेत जशी दिसते, तशी कुठल्या अहवालात दिसत नाही.

बहुतेक पाहुणे दारूकाम आणि पाळणे बघून परततात. माझं सांगणं वेगळं आहे. भोगीला सकाळीच सोलापुरात या. बाळीवेशीतून काठ्यांबरोबर चालत सम्मती कट्ट्यापर्यंत जा, अक्षता टाका. दुपारी ओळखीच्या कुणाच्या घरी भाकरी खा. ओळख नसेल तर सात रस्त्याच्या आसपास एखादी साधी खाणावळ विचारा. संध्याकाळी रंगभवनाच्या बाजूने चालत होम मैदानावरचा गड्डा फिरा. दुसऱ्या दिवशी मोहोळ किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागून कुणाच्या तरी रानात हुरडा खा, आणि होमाच्या रात्री पुन्हा शहरात हजर राहा. खोली डिसेंबरातच सांगून ठेवा, आणि येताना गरम कपडे आणा. जानेवारीतली सोलापूरची पहाट चांगलीच गार असते.