पाहुण्याचे ताट

उपाहारगृहात नेपाळी जेवण मागावे, तर पुढ्यात बहुधा मोमो येतात. आणि तेही तिबेटकडून नेपाळात गेलेले. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस येथे राहू व काम करू शकतो. मुंबई-पुण्यातील कितीतरी भटारखान्यांत तो राबतो. मात्र शिजवतो ते इतरांचे अन्न. मुळा-मोहरीचा पाला आंबवून वाळवलेले त्याच्या घरचे ‘गुंद्रुक’, नाचणी-मक्याच्या पिठाचा ‘ढिंडो’ फलकावर क्वचितच दिसतात. वास्तविक शेलूबाजारच्या माणसाला हे पदार्थ परके वाटू नयेत. हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवणे, ज्वारीच्या कण्या शिजवणे वऱ्हाडाला ठाऊक आहे. पण आपल्या कण्या तरी कोणत्या फलकावर आहेत? स्वतःच्या ताटाचा संकोच बाळगणाऱ्याला पाहुण्याच्या ताटाचा मान कसा राखता येईल?