पंचवीस लिटरला अर्धा लिटर

देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी सहाच्या सुमाराला होड्या पाण्यात लोटण्याआधी एक काम चालतं. वाळूत लाल टाकी ठेवलेली, शेजारी पेट्रोलचा कॅन आणि होडीवाल्याच्या हातात खुणा केलेली बाटली. ती डोळ्यांसमोर धरून तो ऑइलची पातळी रेघेला भिडलीय का बघतो आणि मगच ओततो. एवढं काटेकोर कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अंदाजान घातला तर एक दिवस इंजिन बसताच. आणि बसता तेव्हा किनारो लांब असता."

हे ऑइल पेट्रोलमध्येच का मिसळावं लागतं, हे कळलं की त्या रेघेचं मोल कळतं. मोटारीच्या इंजिनाला तळाशी ऑइलचं चेंबर असतं, तेच ऑइल आतल्या आत फिरत राहतं. या होड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोयच नाही, कारण पिस्टनखालची जागा तिथे पंपाचं काम करते. पिस्टन वर चढतो तेव्हा कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल त्याच्याखाली ओढलं जातं. तो खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जातं. त्या वाटेवर ऑइल साठवणार कुठे? म्हणून ते पेट्रोलसोबतच पाठवायचं. आत गेल्यावर पेट्रोलची वाफ होते, ऑइलचे बारीक कण क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडवर, सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि पुढे जळून धुरावाटे निघून जातात. प्रत्येक थेंब एकदाच कामाला येतो. सतत नवं ऑइल मिळालं नाही, तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो.

लूना किंवा जुनी चेतक चालवलेल्यांना हे नवीन नाही. पंपावर पेट्रोलसोबत टू-टी ऑइल घ्यायची त्यांना सवय होती. पण तेच ऑइल होडीच्या इंजिनात घालू नका. स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि बरंच तापतं, त्या उष्णतेसाठी त्याच्या ऑइलमध्ये धातूचे अंश असलेली रसायनं चालतात. ती जळली की राख उरते. होडीच्या मागे बसवलेलं आऊटबोर्ड इंजिन समुद्राचं पाणी ओढून थंड राहतं, शिवाय तासन्‌तास जवळपास पूर्ण वेगात चालतं. त्यात ती राख पिस्टनच्या माथ्यावर साचून तापते, ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून होडीसाठी राख न सोडणारं ऑइल वेगळं बनवतात. डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलं असतं. पन्नास रुपये वाचवण्यासाठी हा शिक्का सोडू नये.

आता प्रमाण. आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक आऊटबोर्डना ५०:१ लागतं, म्हणजे एका लिटरला २० मिली, २५ लिटरला अर्धा लिटर. जुन्या इंजिनांना २५:१, म्हणजे बरोबर दुप्पट. कोऱ्या इंजिनालाही सुरुवातीचे काही तास बहुधा दुप्पटच सांगितलेलं असतं. शेवटचा शब्द इंजिनासोबतच्या पुस्तिकेचा. ज्या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी आहे ते आपलं आपण ऑइल घेतं, आणि फोर-स्ट्रोकमध्ये तर मिक्स घालायचंच नाही.

'थोडं जास्त घातलं तर बरंच' हा समज किनाऱ्यावर फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. जास्तीचं ऑइल धड जळत नाही. प्लग काळा होतो, रिंगा कार्बनने अडकतात आणि हळूहळू इंजिनाचा जोर उतरतो. न जळलेलं ऑइल मागच्या पाण्यावर रंगीत तवंग होऊन पसरतं. ज्या पाण्यात जाळं टाकायचं, त्याच पाण्यात.

मिसळताना टाकी होडीतून काढून जमिनीवर ठेवावी, कारण पेट्रोलची वाफ जड असते आणि होडीच्या तळाशी साचून राहते. आधी थोडं पेट्रोल, मग सगळं ऑइल, हलवून एकजीव करायचं आणि मग उरलेलं पेट्रोल. शेवटी पुन्हा एकदा हलवायचं.

हल्ली एक नवी काळजी आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी पडून राहिली, वर झाकणातून पावसाचं पाणी शिरलं, की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला जवळजवळ बिनऑइलचं पाणचट इंधन मिळतं. मिसळताना प्रमाण अगदी बरोबर असूनही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मे महिन्यात कालवलेलं मिक्स तसंच टाकीत ठेवून नारळी पौर्णिमेनंतर तेच घेऊन बाहेर जाऊ नका. लागेल तेवढंच कालवा. उरलेलं थोडं काचेच्या बरणीत काढून उजेडात धरा. थर दिसला तर ते इंजिनात घालू नका आणि खाडीतही ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या. आणि आपल्या इंजिनाचं प्रमाण टाकीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे उद्या मुलगा किंवा नवा खलाशी टाकी भरेल तेव्हा त्याला विचारावं लागणार नाही.